कानात वारं शिरलं म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो,



गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतले बुलेटवरच्या बायकांचे फोटो आता आपल्या चांगले ओळखीचे झाले आहेत. गिरगाव, डोंबिवली, ठाणे आणि आता तालुक्याची गावंसुद्धा. नऊवारी साडी, नाकात नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांना काळा चष्मा आणि खाली बुलेट. ८ मार्चला हेच चित्र पुन्हा दिसतं, फेट्याचा रंग तेवढा बदलतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नारीशक्तीच्या नावाने मथळा येतो. फोटो बघून आपल्याला बरं वाटतं, आणि वाटायलाच हवं. मुलगी मोठ्याने हसली तरी जिथे माना वळतात, तिथे चार बायका भर रस्त्यातून इंजिनाचा आवाज करत जातात ही लहान गोष्ट नाही. पण तो फोटो बघताना मला दरवेळी एक साधा प्रश्न पडतो. मिरवणूक संपल्यावर त्या बुलेटची किल्ली कुणाच्या खिशात जाते?

या अंकाचं संपादकीय त्या किल्लीविषयी आहे. आणि थोडं वाऱ्याविषयी.

मुलगी जरा इकडेतिकडे फिरायला लागली की आपल्याकडे म्हणतात, "हिच्या कानात वारं शिरलंय." वासराच्या कानात वारं शिरलं की ते शेपूट वर करून उधळतं, दावं तोडतं. म्हणजे मुलीने दावणीलाच असायला हवं हे त्या बोलण्यात गृहीत धरलेलं आहे. मुलगा असाच फिरत असला तर त्याच्या पायाला भिंगरी असते, आणि ते म्हणताना सूर निम्मा तरी कौतुकाचा असतो. बाईने बाहेर पडूच नये असं आता सहसा कुणी उघडपणे म्हणत नाही. शाळेला जा, नोकरीला जा, दवाखान्यात जा, बाजारहाट कर, मुलांना क्लासला सोड, सासूबाईंना डॉक्टरकडे ने. त्यासाठी स्कूटीसुद्धा घेऊन देतात. अट एवढीच, की प्रत्येक फेरीला काम हवं. बिनकामाची फेरी मारली की वारं शिरलं!

गेल्या आषाढात मी अशाच एका बिनकामाच्या फेरीला गेले. आमच्या भागात मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांचा एक लहानसा क्लब आहे. त्यात नर्स आहेत, शिक्षिका आहेत, एक एसटीत कंडक्टर आहे, एकीचं भाजीचं दुकान आहे. वयं बावीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. त्या रविवारी आम्ही चौदाजणी होतो. तीन बुलेट, चार स्कूटी, बाकी शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटरसायकली. साताऱ्याहून निघायचं, बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या फाट्यावरून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. बस्स, एवढाच कार्यक्रम.

निघताना पेट्रोलपंपावर एक स्थानिक वार्ताहर भेटले. त्यांनी विचारलं, "रॅलीचा संदेश काय?" आमच्यातल्या वडीलधाऱ्या ताई म्हणाल्या, "संदेश काही नाही. फिरायला चाललोय." ते वही उघडून थांबलेच. "बेटी बचाओ वगैरे? वृक्षारोपण? प्लॅस्टिकमुक्ती?" ताई हसून म्हणाल्या, "अहो, गडी माणसं गाड्या काढून पठारावर जातात तेव्हा त्यांना संदेश विचारता का?" त्यांनी वही मिटली. बातमी काही आली नाही.

बाईच्या फिरण्याला काम जोडायची ही सवय जुनी आहे आणि फक्त आपल्याकडचीही नाही. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरन या दोघी बहिणी मोटरसायकलवरून अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करून गेल्या. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. सैन्यात निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार लागतात, ते काम बायकाही करू शकतील, हे त्यांना दाखवायचं होतं. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून त्यांना पोलिसांनी अडवलं. एका वर्तमानपत्राने देशसेवेच्या निमित्ताने या घरातून सुटका करून घेत आहेत असा आळ घेतला. आणि एवढं करून दाखवल्यावर अ‍ॅडलिनचा सैन्यातल्या कामासाठीचा अर्ज नाकारला गेला तो गेलाच. म्हणजे कारण नसलं तर चालत नाही, आणि इतकं मोठं कारण दिलं तरी ते बहाणाच ठरतं! मग कारण देण्याच्या भानगडीत पडायचंच कशाला?

त्या दिवशी वारा भयंकर होता. पावसाळ्यात या पठारावर नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून येतो आणि सह्याद्रीची धार ओलांडून थेट अंगावर कोसळतो. म्हणून तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समोरचा वारा त्रास देत नाही, फक्त गाडीचा वेग खातो. आडवा वारा मात्र गाडी ढकलतो. घाटात डोंगराच्या आडोशाने जाताना काही कळत नाही आणि खिंड आली की एकदम थप्पड बसते. समोरून ट्रक किंवा एसटी आली की क्षणभर वारा अडतो, आणि ती निघून गेली की दुप्पट जोराने येतो. अशा वेळी घाबरून हँडल घट्ट आवळलं तर गाडी जास्तच डगमगते. हात सैल, कोपर मोकळे, गुडघ्यांनी टाकी धरलेली, वेग कमी आणि खालचा गिअर. वाऱ्याच्या अंगाला गाडी थोडी कलती ठेवायची. हे सगळं आम्हाला निघण्यापूर्वी झाडाखाली उभं करून शिकवलं होतं.

त्याचबरोबर गटाचे नियमही सांगितले होते. ते ऐकताना मला आपल्या संघटनांच्या कितीतरी बैठका आठवल्या. पहिला नियम, सगळ्यांचा वेग तोच, जो सगळ्यात हळू चालवणारीचा असेल. नवशिक्या बाईला पुढच्या गाडीच्या मागेच ठेवायचं, शेवटी टाकायचं नाही, कारण शेवटची राहिली की ती गाठायच्या नादात जास्त वेगाने चालवते. सगळ्यात मागे सर्वांत अनुभवी बाई असते. तिच्याकडे पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी आणि सगळ्यांच्या घरचे फोन नंबर. तिच्या मागे कुणीही राहायचं नाही. एरवी गाड्या एक उजवीकडे, एक डावीकडे अशा चालतात, पण वाऱ्यात आणि वळणावर एकामागे एक, मधलं अंतर वाढवून. आपल्याच गटातल्या गाडीला मागे टाकायचं नाही. वळण आलं की मागचीला आपण दिसेपर्यंत थांबायचं. आणि ज्या बाईला वाटेल की आता पुरे, तिने हात वर करायचा. सगळ्याजणी थांबतात, कुणीही "अगं चल, काही होत नाही" म्हणायचं नाही.

ठोसेघरच्या पुढे एकीने हात वर केला. आम्ही सगळ्या थांबलो, चहा प्यायलो, अर्ध्या तासाने वारा थोडा नरमला तेव्हा निघालो. कुणी तिला भित्री म्हटलं नाही. बेफाम चालवण्यात मर्दानगी शोधणारे, फाटलेल्या सायलेन्सरने गाव दणाणून सोडणारे क्लब आपण पाहतो. गाडी तीच, रस्ता तोच. पण बरोबर निघालेल्या माणसांचं काय करायचं याचं उत्तर वेगळं असू शकतं.

वाऱ्यामुळे आणखी एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं, ती म्हणजे कपडे. आडव्या वाऱ्यात ओढणी किंवा पदर केव्हा चाकाकडे ओढला जाईल याचा नेम नाही. ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळून सोडून देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटरसायकलला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, आणि तो नसलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात त्यांच्याबद्दल ओरड करायलाच हवी. पण त्यातून एक गोष्ट दिसते: मोटरसायकल बनवणाऱ्यांच्या आणि नियम करणाऱ्यांच्या नजरेला बाई पहिल्यांदा दिसली ती मागच्या सीटवर. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने मूल सावरत बसलेली. तोल जाण्याची सगळ्यात जास्त भीती असलेली जागा तीच, आणि हँडल मात्र दुसऱ्याच्या हातात. दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेटची सक्तीसुद्धा नव्हती. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ गाडीवरच्या दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतं, तरी आजही पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बायको उघड्या डोक्याने, हे दृश्य कुठल्याही चौकात दिसेल. मर्यादा म्हणून डोक्यावर पदर हवा. डोकं वाचावं म्हणून हेल्मेट मात्र सुचत नाही!

पठारावरच्या एका वस्तीपाशी आम्ही गाड्या उभ्या केल्या. नऊवारी नेसलेल्या एक आजी जळणाचा भारा टेकवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठल्या गं पोरींनो? कुणीकडं निघालाय?"

मी म्हटलं, "कुठंच नाही आजी. वारं खायला आलोय."

"वारं?" आजी हसल्या. "ते खायला एवढ्या लांब आलाय व्हय? आमच्याकडं फुकाट हाय." मग गाडीकडे बघत म्हणाल्या, "मला एक फेरी मारून आणा की."

हेल्मेट घालून, कासोट्याची साडी असल्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसल्या. कासोट्याची ही सोय मिरवणुकीतल्या बायकांच्या कधीची लक्षात आली असेल, पण आजींनी ती रोजच्या कामासाठी आयुष्यभर वापरली होती. फेरी मारून आल्या त्या जळण विसरून सगळ्या गाड्यांना हात लावत फिरल्या. दारात त्यांची सून उभी होती, पंचविशीची, गोल साडीतली. कंडक्टर मैत्रीण तिला म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चला." ती आत बघून हळूच म्हणाली, "नको. घरी विचारायला पायजे." आजी तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. केरसुणी हातात तशीच धरून ती आम्ही वळेपर्यंत बघत राहिली. सत्तरीला पोचल्यावर मिळणाऱ्या मोकळिकीसाठी पंचविशीतल्या बाईने पंचेचाळीस वर्षं थांबायचं का, हा प्रश्न मी तिथून बरोबर घेऊन आले.

त्या पठारावर जमिनींचे व्यवहार झाले तेव्हा सातबाऱ्यावर ज्यांची नावं होती त्यांच्या सह्या लागल्या. त्या शेतात ज्यांनी नाचणी लावली, खुरपली, कापली, त्या बायकांपैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर असेल, ते आपण जाणतोच. म्हणून तर नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं. वारसाहक्काचा कायदा १९९४ मध्ये महाराष्ट्रात आणि २००५ मध्ये देशभर बदलला. जमिनीच्या कागदाचं महत्त्व आपल्या चळवळीला पटलेलं आहे. गाडीच्या कागदाचं अजून पटायचं आहे.

मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते तिथे एक ताई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बचत गटातून कर्ज काढून त्यांनी स्कूटी घेतली. हप्ते त्यांनीच फेडले. गाडी मात्र नवऱ्याच्या नावावर, कारण दुकानदार म्हणाला, "लायसन्स त्यांचं आहे ना, मग त्यांच्याच नावाने करून टाकू." घरात वाद सुरू झाला तेव्हा पहिली थप्पड बसण्याच्या आधी पहिली किल्ली काढून घेतली गेली. त्या कामावर पायी जाऊ लागल्या, उशीर होऊ लागला, पगार कापला जाऊ लागला. शेवटी माहेरी निघाल्या त्या दिवशी त्यांच्याकडे एसटीच्या तिकिटापुरते पैसे होते. गाडी अजून त्या दारातच उभी आहे.

अशी ही एकच केस नाही. नोंदी चाळताना किल्लीचा उल्लेख वारंवार येतो. मारहाणीच्या आधी, माहेरचा फोन बंद करण्याच्या आधी, किल्ली. कारण किल्ली घेतली की बाकी सगळं आपोआप बंद होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळाचा समावेश आहे, आणि बाईला वापरण्याचा हक्क असलेल्या साधनांपासून तिला रोखणं हेही त्यात येतं. तेव्हा संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेचा अहवाल लिहून देताना किल्ली काढून घेतल्याचं स्पष्ट लिहा. आपल्याला ते किरकोळ वाटतं म्हणून बहुतेकजणी सांगतच नाहीत.

इथे काही वाचक मैत्रिणी म्हणतील, पोटाचे, पाण्याचे, हिंसेचे प्रश्न समोर असताना मोटरसायकलवरून भटकणाऱ्या बायकांचं कौतुक कशाला? हा चार पैसे असलेल्यांचा शौक आहे. पेट्रोल जळतं ते वेगळंच. आक्षेप खोटा नाही. मोटरसायकल सगळ्यांना परवडत नाही आणि परवडावी असंही मी म्हणत नाही. ज्या गावात दिवसातून दोनच वेळा एसटी येते तिथे २०२३ पासून बायकांना मिळणारं अर्धं तिकीटही दोनच वेळा उपयोगी पडतं. आणखी एक एसटी सुरू होणं हे शंभर बुलेटपेक्षा महत्त्वाचं आहे. बाहेर पडलेल्या बाईला वाटेत स्वच्छतागृह मिळावं म्हणून २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम चालवावी लागली. घाटरस्त्यावर आजही आम्हाला सगळ्यात मोठी काळजी वाऱ्याची नव्हती, त्याचीच होती.

पण गरीब बाईला फक्त कामापुरतंच बाहेर पडायचं असतं, हा आपला समज तपासून बघायला हवा. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका अशा लाखाच्या आसपास बायका सायकलवर बसल्या. त्यांचा वेळ वाचला, माल विकायला लांब जाता आलं, हे फायदे झालेच. पण सायकलवर बसल्यावर आपण कुणावर अवलंबून नाही ही जी भावना आली, ती त्या बायकांना पैशाच्या फायद्याइतकीच मोलाची वाटली. आपल्याकडे १९७२ मध्ये लूना आली आणि पुण्याच्या रस्त्यावर बायका दुचाकीवर दिसू लागल्या, तेव्हाही कामाच्या वाटेवर कधीतरी एक वळण उगाच घेतलं गेलंच असेल! २०११ मध्ये त्याच पुण्यात 'बायकर्नी' हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला, आणि त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक आलं. बाईला सार्वजनिक जागेत नुसतं रेंगाळण्याचाही हक्क आहे, हे त्यांनी मुंबईच्या अभ्यासातून मांडलं. कामासाठी मिळालेली परवानगी काम संपलं की संपते. हक्काला कारण द्यावं लागत नाही.

अमेरिकेत १९४० मध्ये स्थापन झालेल्या 'मोटर मेड्स' या बायकांच्या क्लबाची सभासद होण्यासाठी एक अट होती: मोटरसायकल स्वतःची किंवा घरातली हवी आणि ती स्वतः चालवता यायला हवी. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. फक्त आपण त्यातला 'घरातली' हा शब्द काढून टाकू या.

तेव्हा या तिमाहीत काही छोट्या गोष्टी करू या. चालवता येत असेल पण लायसन्स नसेल तर काढू या. गाडी नावावर करायला लायसन्स लागत नाही. दुकानदाराने काहीही सांगितलं तरी पैसे आपले असतील तर नोंदणीही आपल्याच नावाने करू या. आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल आणि घरात आज सलोखा असेल, तर नमुना २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात ती नावावर करून घेता येते. हे काम सलोखा असतानाच करायचं असतं. दुसरी किल्ली आपल्याकडे ठेवू या. मागे बसलो तरी हेल्मेट घालू या आणि दोन्हीकडे पाय टाकून बसू या.

आणि प्रत्येक गटाने तीन महिन्यांतून एकदा बिनकामाची फेरी काढावी. मोटरसायकल असेल तर तिच्यावर, नसेल तर सायकलवर, एसटीने, नाहीतर पायी गावाच्या टेकडीपर्यंत. बॅनर नको, संदेश नको. कुणी विचारलं तर सांगा, फिरायला चाललोय. वेग सगळ्यात हळू चालणारीचा ठेवा. आणि ज्या वहिनींना घरी विचारावं लागतं, त्यांच्या घरी आधी एखादा चहा पिऊन या, पुढच्या वेळी त्या आपल्याबरोबर असाव्यात म्हणून.

तुमच्या गाडीची, किल्लीची, पहिल्या फेरीची हकिकत आम्हाला पोस्टकार्डावर का होईना, जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात पत्रांसाठी जास्तीची पानं ठेवली आहेत.

संपादक मंडळासाठी,
तुमची मैत्रीण